घरी केलेल्या डॅकमधला जिटर: महागडं क्लॉक घेऊ का?

सातवी गल्ली
मंडळी, एक सल्ला हवाय. रास्पबेरी पाय ३ हा छोटा कॉम्प्युटर आणि पीसीएम ५१०२ए चिपचा तो जांभळा बोर्ड, असा माझा घरगुती डॅक (डिजिटल आकड्यांतून आवाजाचा सिग्नल काढणारं यंत्र) आहे. डबा पत्र्याचा, पॉवरला मोबाईलचा चार्जर, मधे ब्रेडबोर्डच्या रंगीत वायरी, साधारण वीतभर. पुढं जुना स्टिरिओ अँप आणि बुकशेल्फ स्पीकर. ऐकणं बहुतेक शास्त्रीय. आवाज वाईट नाही, पण तंबोऱ्याची जवारी सपाट वाटते आणि तार सप्तकात जरा किरकिर जाणवते. मधूनच एखादा 'टक' आवाजही येतो.

एका ग्रुपवर सांगितलं, हा सगळा जिटरचा, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांच्या थरथरीचा, खेळ आहे, १० मेगाहर्ट्झचं रुबिडियम क्लॉक (रुबिडियमच्या अणूंवर ताल धरणारं) घे, टेलिकॉममधून काढलेलं जुनं मिळतं. दुसऱ्यानं सांगितलं रुबिडियम नको, ०.१ पीपीएमचं (दहा लाखांत ०.१ चूक) टीसीएक्सओ, म्हणजे तापमान सांभाळणारं क्रिस्टल क्लॉक, बसव. तिसरा म्हणतो केबल बदल. पाच हजारांच्या वर गेलो तर घरात डॅक राहील, मी राहणार नाही. काय करू?

उद्यमनगरी
रुबिडियम? राजारामपुरीतनं उपग्रह सोडालायसा काय 😄

शून्य-एक
सातवी गल्ली, आधी एक सांगा, ते क्लॉक जोडणार कुठं? चेष्टा नाही करत. तुमच्या जोडणीत त्याला जागाच नाही.

पाय बोर्डाला गाणं पाठवतो ते आयटूएस पद्धतीनं. त्यात मुख्य तारा तीन: बिटक्लॉक, वर्डक्लॉक आणि डेटा. फिलिप्सनं १९८६ मध्ये ही पद्धत आणली ती एकाच यंत्रातल्या चिपांनी एकमेकींशी बोलावं म्हणून, वीतभर वायरींसाठी नाही. तुमच्याकडं पहिल्या दोन तारा पाय हाकतोय. पाय ३ वरचं क्रिस्टल १९.२ मेगाहर्ट्झचं. त्यावरून आतलं पीएलएल (एका तालावरून दुसरा ताल बनवणारं सर्किट) ५०० मेगाहर्ट्झ तयार करतं आणि त्याला भागून बिटक्लॉक काढतात. ४४.१ किलोहर्ट्झला ६४ पट धरली तर पाहिजेत २.८२२४ मेगाहर्ट्झ. ५०० भागिले २.८२२४ करून बघा, १७७.१५ च्या पुढं शेपूट येतं. पूर्णांक येत नाही म्हटल्यावर डिव्हायडर बहुतेक वेळा १७७ नं भागतो आणि मधेच एकदा १७८ नं. सरासरी अगदी बरोबर, पण प्रत्येक उडीला ठोका २ नॅनोसेकंदांनी सरकतो. हलगीवाला तासाभराचा हिशेब चोख ठेवतो, पण हात मधूनच केसभर मागं पडतो, असला प्रकार.

आता बोर्डाकडं बघा. पुढच्या बाजूला एससीके लिहिलेले दोन छोटे पॅड आहेत, बहुतेक तुम्ही ते सोल्डरच्या थेंबानं जोडलेत. त्यानं एससीकेची पिन ग्राउंडला जाते आणि ५१०२ए आपलं सिस्टिम क्लॉक बिटक्लॉकमधूनच आतल्या पीएलएलनं बनवते. म्हणजे पायनं जे दिलं तेच गाळून वापरते. जलद थरथर बऱ्यापैकी गाळली जाते, संथ थरथर तशीच पुढं जाते. या सगळ्यात रुबिडियम शेजारी ठेवलं तर ते शोभेलाच. शिवाय ५१०२ए स्वतः मास्टर होत नाही, म्हणजे ती बाकीच्यांना ताल देत नाही. तिची बहीण ५१२२ होते.

क्लॉक किती रुपयांचं, हे नंतर. ते डॅक चिपच्या शेजारी आहे का आणि बाकी सगळे त्याच्या मागं चालतात का, हे आधी.

पंचगंगेचा पूर
+१. लई बेस सांगितलंसा.

बिंदू चौक
मी दरवेळी हेच लिहितो आणि दरवेळी शिव्या खातो, तरी लिहितो. जिटर ऐकू येतो हे आधी सिद्ध करा.

१९९८ मध्ये बेंजामिन आणि गॅनन यांनी लोकांना बसवून ऐकवलं. संगीतात सगळ्यात तिखट कानालाही २० नॅनोसेकंदांच्या आसपास फरक कळला, त्याखाली नाही. २००५ मध्ये जपानात अशिहारा आणि मंडळींनी प्रयोग केला, तिथं तर आकडा शेकडो नॅनोसेकंदांवर गेला. आणि शून्य-एक साहेब २ नॅनोसेकंदांवर लेख लिहितात.

सातवी गल्ली यांची जवारी सपाट वाटते कारण स्पीकर कपाटात कोंबलेत, पैज लावतो. खोलीला पडदा नाही, भिंतीला चुना, वर पत्रा. पाच हजारांत दोन जाड चादरी आणि स्पीकरला स्टँड येतील. उरलेल्या पैशात तांबडा-पांढरा.

सातवी गल्ली
@बिंदू चौक, कपाटात नाहीत, कपाटावर आहेत 😐

बिंदू चौक
केस तिथंच मिटली.

जवारी
बिंदू चौक दादा, ते आकडे खरे आहेत, मीही तेच वाचलेत. पण अशिहारांच्या प्रयोगातला जिटर रँडम होता. रँडम जिटर नुसता नॉइजचा तळ थोडा उचलतो, संगीत त्याला झाकून टाकतं. घरगुती डब्यात त्रास देतो तो नियतकालिक जिटर, म्हणजे एका ठरावीक गतीनं डोलणारा. तो मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना नवे सूर उभे करतो, आणि ते रागात कुठंच बसत नाहीत. बेंजामिन-गॅनन यांचा जिटर त्या जातीचा होता आणि तुम्हीच बघा, तिथं आकडा कितीतरी खाली आला.

हिशेब सोपा आहे. १० किलोहर्ट्झचा पूर्ण उंचीचा सूर, त्यावर १ नॅनोसेकंद शिखराचा जिटर, की प्रत्येक बाजूचा सूर मूळ सुराच्या ९० डेसिबल खाली. सूर एक किलोहर्ट्झचा असेल तर ११० खाली. म्हणजे त्रास वरच्या पट्टीतच, खर्जात शोधत बसू नये. १६ बिटांची अचूकता २० किलोहर्ट्झपर्यंत अर्ध्या पायरीच्या आत राखायची तर जिटर १२१ पिकोसेकंदांच्या आत लागतो. ही कागदावरची अगदी वाईट परिस्थिती, रोजच्या गाण्यात २० किलोहर्ट्झ पूर्ण उंचीवर कधीच नसतं. तेव्हा तुमचं निम्मं बरोबर. ऐकू येणार नाही म्हणून गबाळं काम करावं, हे मात्र मला पटत नाही.

मी मोजते कसं ते सांगते, कारण शंभर मेगाहर्ट्झच्या ऑसिलोस्कोपवर जिटर बघायचा लोकांचा हट्ट असतो. त्या स्कोपचा स्वतःचा राइज टाइमच साडेतीन नॅनोसेकंदांचा, त्यात पिकोसेकंद कुठं दिसायचे? त्यापेक्षा साउंडकार्ड आणि एफएफटी, म्हणजे आवाजात कुठले सूर किती आहेत ते दाखवणारा आलेख. ज्युलियन डन यांनी सुचवलेला जे-टेस्ट सिग्नल वाजवायचा: ४४.१ ला ११.०२५ किलोहर्ट्झचा सूर आणि सगळ्यात खालचा बिट साधारण २२९.७ हर्ट्झनं उघडझाप करणारा. मधोमध एक सुई उभी राहते. तिच्या दोन्ही बाजूंना काय उगवतं ते बघायचं. मात्र रेकॉर्ड करणारं कार्ड डॅकच्याच क्लॉकवर चालत असेल तर दोघं एकाच वेळी डोलतात आणि चित्र खोटंच स्वच्छ दिसतं.

माझ्या पहिल्या डब्यात सुईच्या दोन्ही बाजूंना बरोबर १०० हर्ट्झवर दोन काटे होते, त्यांच्या पलीकडं २०० वर आणखी दोन बुटके. ५० हर्ट्झची लाइन, ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे सप्लायवर १०० हर्ट्झचा रिपल (लहर). तो रेग्युलेटर ओलांडून ऑसिलेटरच्या पायापर्यंत पोचत होता. एएमएस १११७ हा साधा रेग्युलेटर काढून ऑसिलेटरपुरता एलपी ५९०७ हा कमी नॉइजचा लावला आणि आधी चरचर अडवणारा एक फेराइट बीड. काटे नॉइजमध्ये बुडाले. ऑसिलेटर तोच होता, साधा.

बिंदू चौक
जवारी ताई, मोजमाप मान्य. पण ऐकलात काय फरक? डोळे झाकून?

जवारी
डोळे झाकून खात्रीनं सांगता येईल असा नाही. काटे गेले याचं समाधान मात्र पूर्ण आहे. इंजिनिअरला तेवढं चालतं.

उद्यमनगरी
१०० हर्ट्झचा विषय निघालाय म्हणून बोलतो. आमचं वाइंडिंगचं दुकान. शेजारी वेल्डिंग, पलीकडं लेथ, सगळे एकाच डीपीवर. वेल्डिंगवाल्यानं आर्क पेटवला की आमच्या रेडिओत फोडणी बसते. तसल्या लाइनवर मोबाईलच्या चार्जरनं क्लॉक चालवायचं म्हणजे अवघडच की ओ.

डॅकसाठी ट्रान्सफॉर्मर बांधून घेणार असाल तर वाइंडरला एकच सांगा: प्रायमरी आणि सेकंडरीच्या मधे तांब्याच्या पातळ पत्र्याचा शील्ड टाक आणि त्याची एक तार बाहेर काढ, ती अर्थला जाईल. पत्रा पूर्ण वेढा घालतो, पण त्याची दोन टोकं एकमेकांवर येतात तिथं मधे कागद पाहिजेच पाहिजे. टोकं टेकली की तो एक शॉर्टेड टर्न होतो, ट्रान्सफॉर्मर तापून वास सोडतो. नवशिक्या पोरांना मी हे दरवेळी हातात धरून दाखवतो. या शील्डमुळं लाइनवरची चरचर कपॅसिटन्समधून पलीकडं उडी मारत नाही. आणि अर्थिंग खरं असू दे, तीन पिनांच्या सॉकेटात तिसरं भोक नुसतं शोभेला नको.

रंकाळ्याचा वारा
उद्यमनगरी, म्हणजे गणपतीत डीजेचा जनरेटर दारात आला की जिटर किती होतो?

उद्यमनगरी
तवा डॅक बंद करून गॅलरीत यायचं. त्या आवाजात जिटर सोडा, माणसाला स्वतःचं नाव ऐकू येत नाही.

पंचगंगेचा पूर
या विषयावर एक कट्टा झाला पाहिजे. मिसळ माझ्याकडून. फडतरे का बावडा?

रंकाळ्याचा वारा
बावडा. यात विचारायचं काय?

उद्यमनगरी
फडतरे. उगाच वाद लावू नका.

धागा राखणदार
मिसळीचा वेगळा धागा आहे, तो आधीच तीनशे प्रतिसादांवर आहे. इथं क्लॉक.

टीसीएक्सओ प्रेमी
पण ०.१ पीपीएम म्हणजे अचूकता जास्तच की. ५० पीपीएमच्या साध्या क्रिस्टलपेक्षा पाचशेपट बरं. मग टीसीएक्सओला नाकं का मुरडता?

शून्य-एक
पीपीएम म्हणजे क्लॉक सरासरीनं किती पुढं-मागं आहे ते. जिटर म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ते किती थरथरतं ते. दोन्हींचा एकमेकांशी फार संबंध नाही. ५० पीपीएम चुकलं तर ४४० हर्ट्झचा सूर ०.०२२ हर्ट्झनं सरकतो. पावसाळ्यात मिरजेचा अस्सल तंबोरासुद्धा बैठकीत त्याच्या कितीतरी पट उतरतो, गवई खुंटी पिळतो आणि पुढं गातो.

टीसीएक्सओ तापमानाची भरपाई करायला आहे. वाईट वस्तू नाही, पण इथं तो प्रश्नच नाही. रुबिडियमचं तेच. त्याची खरी ताकद दिवस-महिन्यांच्या स्थिरतेत आहे, टेलिकॉमवाले त्यासाठीच वापरतात. वर त्याचं उत्पादन १० मेगाहर्ट्झ, आणि आपल्याला पाहिजेत २२.५७९२ किंवा २४.५७६. पहिलं ४४.१ च्या ५१२ पट, दुसरं ४८ च्या ५१२ पट. १० मधून हे आकडे काढायला परत एक पीएलएल घालावं लागतं, आणि शेवटी तुम्ही त्या पीएलएलचाच जिटर ऐकता.

ऑसिलेटर घेताना फेज नॉइजचा (मूळ सुराच्या आजूबाजूच्या थरथरीचा) आलेख बघा, तोही मूळ सुरापासून १० आणि १०० हर्ट्झ अंतरावर काय आहे ते. ज्या विक्रेत्याच्या पानावर नुसतं 'फेम्टो' लिहिलंय आणि आलेख नाही, तिथनं पुढं चला. '८२ फेम्टोसेकंद' असले आकडे बहुतेक वेळा १२ किलोहर्ट्झपासून २० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यातले असतात. तो पट्टा नेटवर्किंगवाल्यांच्या कामाचा. ऑडिओला जो भाग महत्त्वाचा तो नेमका त्यातनं वगळलेला. क्रिस्टेकचा सीसीएचडी-९५७ किंवा एनडीकेचा एनझेड २५२० एसडी, हे घरगुती मंडळींत चालतात ते त्यांच्या जवळच्या फेज नॉइजसाठी.

टीसीएक्सओ प्रेमी
बरं. नाव बदलावं लागणार मग 😂

जवारी
सातवी गल्ली, आधी फुकटातलं करून घ्या. वीतभर वायरी काढा. बोर्ड पायच्या पिनांवर जवळात जवळ बसवा, दोन बोटांच्या आत. प्रत्येक क्लॉकच्या तारेशेजारी तिची स्वतःची ग्राउंड तार, पीळ घालून. सगळ्यांना मिळून लांब एकच काळी वायर दिली की परतीचा करंट वेगळ्या रस्त्यानं फिरतो, आणि डेटाच्या उड्या क्लॉकच्या कडेवर बसतात. जिटर म्हणजे कड कुठल्या क्षणी उंबरठा ओलांडते हेच तर आहे. कडेवर कचरा बसला की क्षण हलला.

प्रत्येक तारेला सुरुवातीलाच, म्हणजे पायच्या पिनेला चिकटून, ३३ ओहमचा रेझिस्टर. २२ ते ४७ मधलं काहीही चालतं. शेवटच्या टोकाला लावू नका, तिथं त्याचा उपयोग नाही. त्यानं कडेवरचं रिंगिंग (कडेनंतरची थरथर) मरतं. आणि ५१०२ए ला वेगळी ३.३ व्होल्टची लाइन द्या, पायच्या ३.३ वरून घेऊ नका.

सोल्डरकाका
यात भर घालतो. लोक सरळ फ्लिप-फ्लॉप टाकून 'रिक्लॉकिंग केलं' म्हणून सांगतात. ७४ मालिकेतल्या लॉजिक चिपांमधला एखादा डी-टाइप फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या ठोक्याला डेटा धरून ठेवणारा) घ्यायचा, डॅकशेजारच्या स्वच्छ क्लॉकवर आयटूएस पुन्हा ताजं करायचं. कल्पना चांगली. पण येणारं आयटूएस त्याच क्लॉकचं असेल तरच. पाय आपल्या तालात पाठवतोय आणि तुमचं क्लॉक वेगळ्या तालात, तर केव्हा ना केव्हा दोघांच्या कडा एकाच क्षणी येणार. तेव्हा फ्लिप-फ्लॉपला धड वर जाता येत नाही धड खाली. मेटास्टेबल होतो, आणि तुम्हाला ठरावीक काळानं एक 'टक' ऐकू येतो. लोक मग पॉवर सप्लायला दोष देतात.

दोन वेगळी घड्याळं जोडायची तर मधे फिफो पाहिजे. डेटा थोडा साठवायचा, मग आपल्या क्लॉकनं काढायचा. किंवा पाय गुलाम करून टाकायचा. पायचं आयटूएस स्लेव्ह मोडमध्ये चालतं. बाजारात जे दोन ऑसिलेटरवाले पायचे डॅक मिळतात ते असंच करतात: एक ऑसिलेटर ४४.१ च्या घराण्याला, एक ४८ च्या, आणि ताल डॅक देतो.

शून्य-एक
काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. यूएसबीचा रस्ताही तसाच आहे. असिंक्रोनस यूएसबी बोर्ड असेल तर ऑसिलेटर बोर्डावर असतो आणि तोच कॉम्प्युटरला सांगतो, 'जरा कमी पाठव, जरा जास्त पाठव'. कॉम्प्युटरच्या क्लॉकचा जिटर तिथं येऊ शकत नाही. येते ती फक्त पाच व्होल्टची घाण, ती रेग्युलेटरनं आवरता येते.

बिंदू चौक
आणि ईएसएस कंपनीच्या डॅक चिपा? त्या तर म्हणे आतच सगळा जिटर खाऊन टाकतात.

शून्य-एक
त्या असिंक्रोनस रिसॅम्पलिंग करतात, म्हणजे आलेला डेटा आपल्या तालात नव्यानं मांडतात, शेजारच्या ऑसिलेटरवर, बहुधा १०० मेगाहर्ट्झच्या आसपास. येणाऱ्या क्लॉकचा जिटर बऱ्यापैकी मरतो. पण मग सगळा भार त्या एका ऑसिलेटरवर आणि त्याच्या रेग्युलेटरवर. तिथं कंजुषी केली की पहिले पाढे पंचावन्न. सातवी गल्ली, तुमच्या पाच हजारांत या चिपेचे बोर्ड बसतात, पण बहुतेकांवर ऑसिलेटरला स्वतंत्र रेग्युलेटर नसतो. तो ट्रॅक कापून एलपी ५९०७ बसवायची तयारी असली तर घ्या.

सातवी गल्ली
जवारी ताईंनी सांगितलेलं करून बघितलं. वायरी काढल्या, बोर्ड पायच्या डोक्यावर बसवला, ३३ ओहम, पीळ दिलेल्या ग्राउंडच्या तारा, ५१०२ए ला वेगळा रेग्युलेटर. चार्जर हलवून उद्यमनगरातनं शील्डवाला ट्रान्सफॉर्मर आणला. खर्च आठशेच्या आत.

मधेमधे येणारा 'टक' पूर्ण गेला. किरकिर कमी झालीय असं वाटतं, पण त्याच दिवशी स्पीकर कपाटावरून स्टुलांवर आले, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं कळेना.

बिंदू चौक
मला द्या.

उद्यमनगरी
ट्रान्सफॉर्मर आमच्यातनं नेलासा काय? पोरगं बोललं नाही.

सातवी गल्ली
तुमच्याच गल्लीतनं, पण दुकान कुठलं ते सांगत नाही, पुढच्या वेळी दर वाढवाल 😄 आता पुढची पायरी म्हणून रुबिडियम रद्द. दोन ऑसिलेटरवाला ५१२२ चा बोर्ड घ्यावा म्हणतोय, पाय स्लेव्ह ठेवून. ५१०२ए पोराच्या खोलीत जाईल.

जवारी
बरोबर निर्णय. तो आल्यावर ट्रान्सफॉर्मर तोच ठेवा, आणि जमलं तर आधी-नंतर जे-टेस्ट काढा. मला एफएफटीचे फोटो पाठवा, काटे मोजून देते.

आबा शाहूपुरी
पोरांनो, मी हा सगळा धागा वाचला. माझ्याकडं टीडीए १५४३ या डॅक चिपचा जुना डबा आहे, त्यात सीएस ८४१६ रिसीव्हर, टीव्हीवरून ऑप्टिकल येतं. मास्टर-स्लेव्ह मला काय करता येणार नाही, टीव्ही कुणाचं ऐकत नाही. मग मी काय करायचं?

सोल्डरकाका
आबा, तुमच्या ऑप्टिकलमधून जे येतं त्या एसपीडीआयएफमध्ये क्लॉक आणि डेटा एकाच धाग्यात गुंफलेले असतात. रिसीव्हरला डेटाच्या कडांवरून ताल शोधून काढावा लागतो, म्हणून तिथं जिटर जरा जास्तच. ऑप्टिकलच्या कडा कॉपरच्या मानानं गोलसर, पण टीव्हीचं ग्राउंड अँपला लागत नाही हा मोठा फायदा. तेव्हा ऑप्टिकलच ठेवा. बदलायचा तर रिसीव्हर बदला. ८४१६ चा जिटर डेटाशीटला २०० पिकोसेकंदांच्या घरात, डीआयआर ९००१ या दुसऱ्या रिसीव्हरचा ५० च्या. आयटूएस दोघंही देतात, त्यामुळं १५४३ ला काही कळणारसुद्धा नाही.

आबा शाहूपुरी
ती चिप किती पायांची?

सोल्डरकाका
अठ्ठावीस, टीएसएसओपी, म्हणजे बारीक पायांची चपटी चिप. पाय एकमेकांपासून ०.६५ मिलिमीटरवर.

आबा शाहूपुरी
माझा हात थरथरतो रे. तो जिटर कुठल्या चिपेनं जातो?

उद्यमनगरी
आबा, डबा घेऊन दुकानात या. पोरगं मायक्रोस्कोपखाली बसवून देतंय. फक्त दुपारी एक ते तीन येऊ नका, वेल्डिंगवाला जोरात असतो.